नव्या कोरलवरची जखम: औषधाआधी तिची कड बघा

मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेलं नवं कोरल (प्रवाळ) घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पांढरा किंवा काळपट डाग दिसला, की बहुतेकांचा हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. तो हात थोडा वेळ आवरा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. डागाची कड नेमकी कुठे आहे ते बघा, फोटो काढा, आणि काही तासांनी ती कड तिथेच आहे की पुढे सरकली ते तपासा. जागच्या जागी थांबलेली जखम आणि पसरत चाललेली जखम ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलीला स्वस्थता लागते, दुसरीला तातडीची चाकू-कात्री. या दोन्हींत गल्लत झाली की बरं होणारं कोरल आपल्या हातून मरतं, किंवा वाचवता येणारं कोरल आपण बघत बसतो.

कोल्हापुरात गोड्या पाण्याचे टँक घरोघरी दिसतील, पण खाऱ्या पाण्याचे मोजकेच, आणि त्यातही कोरल ठेवणारे थोडे. आजारी कोरल दाखवायला न्यावं असा डॉक्टर जवळपास सापडणं अवघड. म्हणून निदान घरीच करावं लागतं, आणि शांतपणे बघितलं तर ते जमतं.

अंगात काय असतं

कोरल हा प्राणी आहे. एकेका जिवाला पॉलिप म्हणतात. त्याला एक पोकळ पिशवीसारखं शरीर, वर एकच तोंड आणि तोंडाभोवती डंख करणाऱ्या पेशींच्या मिशा असतात. खाणं आत जातं ते याच तोंडातून, आणि टाकाऊ बाहेर येतं तेही इथूनच. शरीराची भिंत म्हणजे पेशींचे दोन थर आणि मधे जेलीसारखा पदार्थ. हा जो जिवंत मांसल भाग, त्याला ऊती म्हणायचं. कडक कोरलमध्ये ही ऊती दुधावरच्या सायीइतकी पातळ असते आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या सांगाड्यावर पसरलेली असते. मऊ कोरलमध्ये असा एकसंध सांगाडा नसतो, अनेक जातींत मांसातच चुन्याचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात.

आतल्या थराच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. काही जातींची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज अशी भागते. कोरलचा तपकिरी, सोनेरी रंग बराचसा या शैवालाचाच. शिवाय एका वसाहतीतले बरेचसे पॉलिप आतून एकमेकांना जोडलेले असतात आणि अन्न एकमेकांना पोचवतात. एका टोकाला जखम झाली तर ती भरायला लागणारं खाद्य शेजारचे निरोगी पॉलिप पुरवतात. जखम भरणं हे असं आसपासच्या भागाच्या ताकदीवर चालतं, म्हणून दमलेल्या, उपाशी, अंधारातून आलेल्या कोरलची छोटी जखमही रेंगाळते. आणि बाहेरून संरक्षण म्हणाल तर अंगावरचा चिकट स्राव, बस्स. पाण्यात जे असेल ते थेट पेशींना लागतं.

कड कशी वाचायची

पहिली गोष्ट, निळे दिवे बंद करा. निळ्या प्रकाशात कोरलचे रंग चमकतात, फोटो सुंदर येतात, पण जखम लपते. साध्या पांढऱ्या उजेडात, पंप क्षणभर थांबवून, काचेतून सरळ बघा. मोबाइलने एकाच कोनातून, एकाच उजेडात फोटो काढायची सवय लावा. आठवणीवर विसंबून चालत नाही. काळजीत असलेल्या माणसाला डाग नेहमी मोठाच झालेला दिसतो.

पांढरं दिसलं म्हणजे मांस गेलंच असं नाही. आतलं शैवाल बाहेर टाकलं गेलं किंवा त्याचा रंग उतरला, तर ऊती पारदर्शक होते आणि खालचा पांढरा सांगाडा आरपार दिसतो. याला ब्लीचिंग म्हणतात. असं कोरल जिवंत असतं. मोठ्या ड्रॉपरने त्याच्यावर पाण्याचा हलका झोत सोडला तर पॉलिप आत ओढले जातात, कडेला पातळ ओलसर चकाकी दिसते. मांस खरोखर गेलं असेल तर सांगाड्याच्या बारीक धारा उघड्या दिसतात, झोत सोडल्यावर काही आक्रसत नाही, उलट सुटलेले पापुद्रे उडून जातात. ब्लीच झालेल्या कोरलला मंद उजेड, तापमान-खारटपणा स्थिर असलेलं पाणी आणि थोडं खाणं लागतं. त्याला औषधात बुडवणं म्हणजे आधीच उपाशी असलेल्या जिवाला आणखी छळणं.

उघडा सांगाडा आपल्याला जखमेचं वयही सांगतो. मांस नुकतंच गेलेला भाग स्वच्छ पांढरा असतो. काही दिवसांत त्याच्यावर शेवाळाचा हिरवट-तपकिरी थर चढतो. आता समजा, पिशवी उघडल्या उघडल्याच डाग हिरवा आहे. मग ती जखम प्रवासातली नाही, दुकानातली जुनी आहे, आणि कडेचं मांस गुबगुबीत असेल तर ती थांबलेलीही असावी. याउलट मांसाला लागून ताजा पांढरा पट्टा आणि त्याच्या मागे हिरवट भाग असेल, तर जखम मागून पुढे चालत आलेली आहे आणि अजून चालते आहे. फोटोची वाट न बघताही हा पट्टा निदान करून देतो. एवढी एक गोष्ट डोळ्यात बसली तरी निम्मं काम झालं.

मऊ कोरलमध्ये सांगाडा दिसत नाही, तिथे बोट आणि नाक वापरावं लागतं. हातमोजा घालून डागाला हलकेच स्पर्श करा. निरोगी लेदर (चामड्यासारख्या अंगाचं मऊ कोरल) रबरासारखं घट्ट लागतं, सडलेला भाग बोटाखाली पाघळतो. कोरल क्षणभर पाण्याबाहेर काढून वास घ्या. समुद्राचा वास ठीक; कुजकट, नाकात जाणारा वास आला तर तिथली ऊती मेली आहे.

कायद्याची एक गोष्ट, आणि तीही मनापासून

मी इथून पुढे उदाहरणं मुख्यतः मऊ कोरलची देणार आहे: लेदर, झोआ (बटणांसारख्या पॉलिपचे झुबके), मशरूम (चपट्या टोपीसारखं कोरल). कारण भारतात रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळाचे खडक, बांधणारी सगळी कडक कोरल, काळी कोरल, अग्निकोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. 7 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 2022 च्या दुरुस्तीनंतर सायटीस (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) करारातल्या परदेशी जिवंत प्राण्यांची नोंदणीही बंधनकारक झाली आहे. 'इंपोर्टेड आहे, काही होत नाही' या दुकानदाराच्या शब्दावर कडक कोरल घेऊ नका. आधी वन विभागाला लेखी विचारा. आणि घाट उतरून मालवणला गेल्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात जे दिसतं ते तिथेच राहू द्या. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, आणि तिथलं मूठभर कोरल आपल्या टँकपेक्षा फार मोलाचं आहे.

प्रवासात काय बिघडतं

नव्या कोरलच्या बहुतेक जखमांचं मूळ पिशवीत असतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

बंद पिशवीत कोरल श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) खाली येतो. त्याच वेळी शरीरातून अमोनिया बाहेर पडत राहतो. पीएच कमी असतो तोवर हा अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. आपण पिशवी उघडतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच झपाट्याने चढतो आणि तोच साठा विषारी अमोनियात बदलू लागतो. पीएच 1 ने वाढला तर विषारी रूपाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. अशा पिशवीत नळी लावून दोन-दोन तास थेंब-थेंब टँकचं पाणी सोडत बसायची पद्धत लांबच्या पार्सलला म्हणूनच घातक ठरते. बंद पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडा, खारटपणा मोजा, आणि फरक थोडा असेल तर कोरल लगेच चांगल्या पाण्यात घ्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

खारटपणा मोजायला काट्याच्या साध्या हायड्रोमीटरवर भरवसा नको. काट्याला बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो 35 च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. समुद्राचा खारटपणा हजारी 35, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण 1.026. माशांवरचे परजीवी कमी राहावेत म्हणून काही दुकानं खारटपणा बराच कमी ठेवतात. तसल्या पाण्यातून आलेलं कोरल एकदम 35 मध्ये टाकलं तर पेशींतलं पाणी ओढलं जातं. फरक मोठा असेल तर वेगळ्या भांड्यात स्वच्छ, दुकानाइतक्याच खारट पाण्यात कोरल ठेवा आणि तिथून हळूहळू वर आणा.

दुसरं कारण म्हणजे मार आणि घासणं. मांसल कोरल फुगलेल्या अवस्थेत पाण्याबाहेर काढलं तर स्वतःच्याच वजनाने फाटतं. ते नेहमी आधी डिवचून आक्रसू द्यायचं, मग खालच्या दगडाला धरून उचलायचं. ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी पडलेली पिशवी, वर कुणाची तरी गोणी, आणि वाटेतले खड्डे... अशा प्रवासात चीर पडणं नवल नाही. ही जखम बहुधा सरळ रेघेची, स्वच्छ कडेची असते आणि थांबलेली असते.

तिसरं, उजेड. दुकानात मंद निळ्या दिव्याखाली महिनाभर राहिलेलं कोरल आपल्या टँकच्या माथ्यावर ठेवलं की त्याच्या आतलं शैवाल झेपेल त्यापेक्षा जास्त काम करू लागतं, त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि पेशी जळतात. अशा वेळी वरची बाजू फिकी पडते आणि सावलीतली खालची बाजू रंग टिकवून असते. निदान इतकं सरळ आहे. नवं कोरल तळाशी, कडेला ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत वर न्या.

शेजाऱ्यांचं भांडणही विसरू नका. काही कोरल रात्री लांब मिशा काढून शेजाऱ्याला डंख मारतात. जखम फक्त त्याच बाजूला होते. लेदर पाण्यात रसायनं सोडून इतरांना दाबतं. त्यासाठी अंतर ठेवा आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला.

एका लेदरची तीन दुखणी

राजारामपुरीतल्या एका मित्राकडे तळहाताएवढं, पिवळसर टोपीचं लेदर आलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. "भावा, सडायला लागलंय बघ हे. बेटाडीनमध्ये बुडवू का?" त्याला म्हटलं, आधी पांढऱ्या उजेडातले फोटो पाठव. फोटोत तीन गोष्टी दिसत होत्या: टोपीच्या कडेला एक चीर, सगळ्या अंगावर मेणचट चकाकी आणि सगळे पॉलिप आत, आणि बुंध्याशी रुपयाच्या नाण्याहून लहान काळपट ठिपका.

चीर प्रवासातली होती. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ती तेवढीच होती, उलट कडा आत वळायला लागल्या होत्या. तिला काहीच करायचं नव्हतं.

मेणचट चकाकी हा तर आजारच नव्हे. लेदर अधूनमधून वरचा पापुद्रा टाकतं. तेव्हा काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे ते बंद, निस्तेज आणि मेणासारखं दिसतं, मग पापुद्रा सुटतो आणि खालून ताजं अंग निघतं. त्याच्यावर जमलेलं शेवाळ आणि घाण अशीच निघून जाते. जागा बदलली की हे हमखास होतं. नवं लेदर घेतलेले लोक याच टप्प्यावर घाबरतात आणि डिपवर डिप देतात, म्हणजे पुन्हापुन्हा औषधाच्या पाण्यात बुडवतात. खरं तर वेव्हमेकरची (टँकमधे प्रवाह खेळवणाऱ्या पंपाची) दिशा थोडी बदलून त्याच्यावरून प्रवाह वाढवला की पुरतं.

बुंध्याचा ठिपका मात्र वेगळा होता. संध्याकाळपर्यंत तो वाढला, बोट लावल्यावर पाघळला, वासही आला. बुंध्याशी दगडाला घट्ट रबर बांधलं होतं, त्याखाली पाणी फिरत नव्हतं आणि मांस गुदमरून कुजलं होतं. ही सरकती जखम. इथे वाट बघणं चूक ठरलं असतं. त्याच रात्री त्याने लेदर वेगळ्या टबात घेऊन, नव्या ब्लेडने काळ्या भागापलीकडे निरोगी मांसात जाऊन बुंधा कापला. कापलेली कड स्वच्छ, पांढरट-पिवळी आणि घट्ट दिसेपर्यंत कापायचं असतं. थोडं वाचवावं म्हणून काळी किनार ठेवली तर दोन दिवसांत पुन्हा तेच.

एकाच जिवावर तीन खुणा होत्या आणि हात घालायची गरज एकीलाच होती. एकदम बुडवाबुडवी केली असती तर पापुद्रा टाकणारं अंग आणखी थकलं असतं आणि रबराखालची कुज तशीच राहिली असती.

डिप: कधी, कसा

डिप म्हणजे टँकच्याच पाण्यात औषध मिसळून त्यात कोरल काही मिनिटं ठेवणं. नवं कोरल आलं की टँकमध्ये सोडण्याआधी एकदा डिप द्यावा, कारण तो किडी काढण्यासाठी असतो. झोआवर राहणारी गोगलगाईच्या कुळातली बिनशंखाची कीड झोआ खाऊन त्याचाच रंग घेते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिची अंडी पॉलिपच्या देठाशी पांढऱ्या वळणदार फितीत असतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा चपटा गोल शंख दिसला तर तोही झोआ खाणाराच. झोआ आठवडाभर उघडत नसेल तर औषध शोधण्याआधी भिंग आणि टॉर्च घेऊन रात्री देठांमध्ये बघा.

प्लास्टिकचे तीन टब घ्या, तिन्हींत टँकचं पाणी आणि सारखं तापमान. पहिल्यात डिप, बाटलीवर लिहिलेल्या मापाने आणि वेळेने, ड्रॉपरने हलके झोत मारत. टबाच्या तळाशी काय पडलं ते नीट बघा, कारण औषधाइतकंच ते निदान आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या टबात विसळून मग कोरल टँकमध्ये. डिपचं पाणी टँकमध्ये जाता कामा नये. डिपने अंडी मरत नाहीत, ती चिमट्याने खरवडून काढावी लागतात, आणि उरलेली फुटतील हे धरून आठवड्याच्या अंतराने डिप पुन्हा द्यावा लागतो.

जंतूंसाठी आयोडीनचा डिप उपयोगी पडतो. ताज्या कापाला तो एकदा देणं योग्य. कोरलसाठी बनवलेलं आयोडीन मिळालं तर तेच वापरा. मेडिकलमधल्या पोव्हिडोन-आयोडीनमध्ये सर्जिकल स्क्रब म्हणून मिळणाऱ्या बाटलीत साबणासारखे पदार्थ असतात, ती चुकूनही वापरू नका. गुळण्यांची बाटलीही नको. शेतीच्या दुकानातलं कीटकनाशक डिपसाठी वापरायचा सल्ला फिरत असतो. त्याला माझा साफ विरोध आहे. त्याचा अंश जरी टँकमध्ये गेला तर कोळंबी-खेकडे मरतील, आणि ते पाणी शेवटी नाल्यातून पंचगंगेत जातं.

अँटिबायोटिकबद्दल वाचलेले लोक लगेच कॅप्सूल फोडायला निघतात. फ्लोरिडात 2014 मध्ये मायामीजवळ कडक कोरलची ऊती झपाट्याने गळवणारा एक रोग दिसला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. तिथे जखमेच्या कडेवर अमॉक्सिसिलिनचा लेप लावून ती जखम बऱ्याचदा थांबवता आली, हे खरं. पण त्याच कोरलवर दुसरीकडे नव्या जखमा उठणं त्याने थांबलं नाही. शिवाय तिथे रोग ओळखून, लेप फक्त कडेवर लावून काम केलं. आपण टबभर पाण्यात अंदाजाने गोळी विरघळवणं हे त्यातलं नव्हे.

सरकत्या जखमेला काय करायचं

तपकिरी जेलीसारखा लगदा मांसावर चढत असेल, वास येत असेल, तर ते कोरल लगेच वेगळं काढा. हा प्रकार हॅमर, टॉर्चसारख्या मांसल कडक कोरलमध्ये जास्त दिसतो, पण मऊ कोरललाही होतो. लगद्यात जंतू आणि मेलेलं मांस खाणारे एकपेशीय जीव खच्चून भरलेले असतात, आणि प्रवाहाने तुकडा उडाला तर शेजाऱ्यावर बसतो. म्हणून पंप बंद करून, नळीने लगदा ओढून बाहेर टाकायचा, मग कोरल टबात घेऊन निरोगी भागात कापायचं.

फांद्यांच्या कडक कोरलमध्ये तळापासून किंवा मधूनच मांस सोलल्यासारखं सुटतं. कधी ते आठवड्यांत होतं, कधी काही तासांत सगळा सांगाडा उघडा पडतो. वेगवान प्रकारात औषधाला वेळच नसतो. निरोगी टोकं तोडून वेगळी लावली तर एखादं वाचतं. हे लिहिताना वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवून उपयोग नाही.

मशरूम वितळायला लागलं, तोंड उघडं पडून चिकट लोळा झाला, तर ते काढून टाका; एक लोळा छोट्या टँकचं पाणी नासवतो. दगडावर त्याच्या बुडाचा एखादा निरोगी तुकडा राहिला असेल तर तो राहू द्या. मशरूमच्या तुकड्यातून पूर्ण मशरूम उभं राहतं.

झोआ कापायचं काम आलं तर थांबा आणि हे वाचा. झोआच्या कुळातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय, हाताला जखम असताना, किंवा लहान मूल जवळ असताना झोआला ब्लेड लावू नका. झोआ असलेला दगड उकळून 'स्वच्छ' करायचा प्रयत्न तर कधीच नको. वाफेतून आणि तुषारांतून ते विष श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं दवाखान्यात पोचल्याच्या घटना जगात झालेल्या आहेत. झोआ हाताळल्यानंतर तोंडात कडू-धातूची चव, छातीत आवळणं, ताप, डोळे चुरचुरणं असं काही झालं तर थेट इस्पितळात जा आणि डॉक्टरांना झोआचं नाव सांगा.

कडक कोरलच्या कापलेल्या कडेवर सायनोॲक्रिलेट गोंदाचा जेल, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा पण घट्ट, लावून मांस आणि सांगाड्याची सीमा बंद करतात. मऊ कोरलला गोंद धरत नाही, त्याचा स्राव तो ढकलतो. लेदरचा कापलेला बुंधा दगडाच्या भेगेत टेकवून सैल जाळीने किंवा सैल दोऱ्याने बांधा. सैल हा शब्द पुन्हा वाचा.

कोल्हापूरचं पाणी, कोल्हापूरची हवा

थांबलेल्या जखमेचं औषध म्हणजे न बदलणारं पाणी: तापमान 25-26 अंश, खारटपणा 35, अमोनिया शून्य, नायट्रेट थोडं पण शून्य नव्हे. यातला एकही आकडा दिवसात हेलकावे खाऊ नये. नळाचं पाणी थेट वापरू नका, क्लोरीन आणि पितळी नळातलं तांबं दोन्ही घातक. आरओ (पडद्यातून गाळणं) आणि डीआय (उरलेले क्षार काढणं) दोन्ही टप्प्यांतून गेलेलं पाणी हवं. ज्या टबात कधी माशांना तांब्याचं औषध दिलं असेल तो टब कोरलसाठी बाद समजा.

एप्रिल-मेमध्ये इथे दुपार 38 अंशांच्या वर जाते आणि पंपांच्या उष्णतेने टँक सहज 30 ओलांडतो. पृष्ठभागावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण तेवढं गोडं पाणी रोज भरावं लागतं, नाहीतर खारटपणा चढतो. वळवाच्या संध्याकाळी मात्र हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावतं आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही या गावातली चैनीची वस्तू नाही. डिसेंबरच्या रात्री उलटं, हीटर लागतोच.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये पार्सल मागवू नका. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. पंचगंगा इशारा पातळीकडे चालली असताना वाटेत अडकलेली पिशवी कुणीच वाचवू शकत नाही. दसऱ्यानंतरचे आठवडे सगळ्यांत बरे.

नवं कोरल चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवता आलं तर कीड, अंडी, सरकती कड हे सगळं तिथेच कळतं. कापलेल्या लेदरची कड चांगल्या पाण्यात आठवड्याभरात गोल होऊ लागते आणि दोन-तीन आठवड्यांत नवं बूड दगडाला धरतं. तोवर त्याला हलवू नका, उजेड वाढवू नका. पॉलिप बाहेर आले की आठवड्यातून एक-दोनदा बारीक खाद्य द्या, पंप थोडा वेळ थांबवून, आणि उरलेलं ओढून काढा.